शेवट कुणाचा? – ‘बनगरवाडी’च्या निमित्ताने

(द्वितीय वर्ष, कला)

कादंबरी वाचून संपली की तिच्यातील गोष्टही संपावी, अशी वाचकाची साधी अपेक्षा असते. ज्यांचे लग्न व्हावयाचे त्यांचे व्हावे, दुष्टाला शासन व्हावे आणि निदान कोणाचे पुढे काय झाले एवढे तरी कळावे. काही कादंबऱ्या मात्र ही अपेक्षा पुरी करीत नाहीत. शेवटचे पान उलटले की कोरे पान समोर येते आणि ग्रंथालयाच्या जुन्या प्रतीतली मागची पाने गळाली की काय अशी शंका येते. अशा शेवटाने वाचकाला चीड का येते, वाईट का वाटते आणि तरीही तीच कादंबरी मनातून का जात नाही, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी मी व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मुख्यतः घेतली आहे. ती आपल्यापैकी अनेकांनी वाचलेली आहे, आणि तिच्या शेवटाचा आपल्या डहाणू-तलासरी भागाशी जवळचा संबंध आहे असे मला वाटते.

प्रथम ही अपेक्षा येते कुठून ते पाहू. आपण लहानपणापासून ज्या गोष्टी ऐकतो त्यांचा शेवट ठरलेला असतो. श्रावणातल्या कहाण्या ‘सुफळ संपूर्ण’ होतात. आमच्याकडे भगत घांगळीवर कणसरीची कथा गातो तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाला पुढे काय होणार हे ठाऊक असते, तरी माणसे रात्र जागवतात. संस्कृत नाट्यशास्त्राने कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या. आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. म्हणजे फळ हाती आल्यावाचून नाटक संपत नाही. मराठी कादंबरीनेही प्रारंभी हाच मार्ग धरला. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मध्ये विधवा झालेल्या यमुनेचा पुनर्विवाह होतो आणि तिच्या दुःखाला शेवट मिळतो. तेव्हा शेवट मागणारा वाचक अडाणी असतो असे समजण्याचे कारण नाही. शेकडो वर्षांची सवय त्याच्या पाठीशी आहे.

या सवयीचे बळ केवढे असते याचे एक उदाहरण इंग्रजी साहित्यातले आहे. चार्ल्स डिकन्स यांनी ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीत पिप आणि एस्टेला यांची कायमची ताटातूट दाखविली होती. ती छापून येण्यापूर्वीच बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून त्यांनी शेवट बदलला आणि १८६१ साली नवा शेवट प्रसिद्ध झाला. गंमत अशी की या नव्या शेवटातही ती दोघे खरोखर एकत्र येतात का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. याच्या उलट टोकाला रशियन लेखक चेखॉव्ह. १८८८ सालच्या एका पत्रात त्यांनी आपल्या प्रकाशकाला असे कळविले की प्रश्न सोडविणे आणि प्रश्न नीट मांडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि लेखकाकडून फक्त दुसरीची मागणी करावी. आता ‘बनगरवाडी’कडे वळू.

माणदेशातील एका धनगरवाडीवर राजाराम नावाचा तरुण मास्तर रुजू होतो. गाव औंध संस्थानातले. शाळा नावापुरती. मुले मेंढरांमागे रानात. कारभाऱ्याला धरून, घरोघर हिंडून मास्तर मुले जमवितो. आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या अशी बरीवाईट माणसे त्याच्याभोवती गोळा होतात. एका बैलाच्या जोडीला शेकूची बायको स्वतः जू खांद्यावर घेते, हा प्रसंग तर वाचणारा विसरूच शकत नाही. गाव श्रम करून तालीम उभारते आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष राजा गावात येतो. इथपर्यंत वाचकाला वाटते की आता सगळे चांगले होणार. मग पाऊस पडत नाही. मेंढरे मरू लागतात. माणसे उरलीसुरली मेंढरे आणि संसार घेऊन जगायला बाहेर पडतात. शाळेत मूल राहत नाही, आणि मूल नसलेल्या शाळेला मास्तर कशाला? तोही ते गाव सोडतो. गाव पुन्हा वसले का, माणसे परतली का, तालमीचे काय झाले, यांपैकी काहीही लेखक सांगत नाही.

आमच्या वर्गात या शेवटावर चर्चा झाली तेव्हा तीन मते पडली. एकाचे म्हणणे, मास्तर पळपुटा निघाला. एवढे दिवस गावाचे अन्न खाल्ले आणि दुष्काळ येताच पाय काढला. दुसरीचे म्हणणे, पाऊस पडल्यावर गाव परत येणारच, धनगरांना हे नवीन नाही. लेखकाने उगाच वाचकाला रडविले. तिसऱ्याचे मत असे की मास्तर आणि राजा यांनी कितीही केले तरी निसर्गापुढे काही चालत नाही, हेच लेखकाला सुचवायचे आहे. तिघांच्याही म्हणण्याला पुस्तकात आधार सापडतो आणि तिघांपैकी कोणालाही ते पूर्ण सिद्ध करता येत नाही. संदिग्ध शेवट म्हणतात तो हाच. तो कळत नाही असे नाही. तो एकापेक्षा अधिक तऱ्हांनी कळतो, आणि त्यातली कोणती तऱ्हा आपण उचलतो यावरून आपण स्वतः कुठे उभे आहोत ते दिसून येते.

माझ्यापुरते सांगायचे तर मला त्या शेवटाने पहिल्यांदा राग आला. दोन दिवस मी दुसरे पुस्तक हाती धरले नाही. त्या रागाचे कारण माझ्या घरात आहे म्हणून ते सांगते. तलासरी तालुक्यात आमच्या पाड्यावर शेती पावसाच्या पाण्यावरची, भाताचे एकच पीक. भात झोडून झाले, दिवाळी आटोपली की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांचे टेम्पो येतात. उचल आधीच घेतलेली असते. हंडे, गोधड्या, कोंबड्या आणि मुले टेम्पोत चढतात आणि पाड्यावर म्हातारी माणसे व कुत्री राहतात. कोणी डहाणूच्या चिकूच्या वाडीत जाते, कोणी उंबरगावच्या कारखान्यात, कोणी गुजरातच्या बोटीवर. माणसे परततात ती पावसाच्या तोंडावर. शाळेच्या हजेरीपटावर नावे असतात, पण बाके रिकामी. मी आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिले म्हणून शिकले. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मीच पहिली. माझी धाकटी बहीण चौथीनंतर भट्टीवर गेली. आई-बाप विटा पाडीत तेव्हा तान्ह्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवे होते. आता भाऊ मोठा झाला आणि बहीणही विटा उलटते.

दिवाळीच्या सुटीत मी रात्री तिला ‘बनगरवाडी’ची गोष्ट सांगितली. शेकूच्या बायकोपाशी ती हसली नाही, नुसती ऐकत राहिली. शेवट सांगितला तेव्हा मला वाटले ती विचारील, मास्तर परत आला का? तिने विचारले ते असे, “मग पोरं कुठं गेली?”

हा प्रश्न आमच्या वर्गातल्या तिन्ही मतांत नव्हता. आम्ही सगळे मास्तरविषयी बोलत होतो, गावाविषयी बोलत होतो. रस्त्याने चाललेल्या मुलांविषयी कोणी बोलले नाही, कारण कादंबरीत ती आपल्या दृष्टीआड होतात. ती दृष्टीआड का होतात, याचा विचार करता करता मला या शेवटाची किल्ली सापडली असे वाटते. ‘बनगरवाडी’ ही मास्तरच्या तोंडून सांगितलेली गोष्ट आहे. प्रथमपुरुषी निवेदन असे आपण पाठ करतो ते हेच. मास्तरला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. माणसे वाडीतून निघून गेल्यावर ती कुठल्या मुलखात गेली, कुणाच्या शेतात मेंढरे बसवली, कोणते मूल वाटेत दगावले, कोणते पुढे शिकले, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. तो त्यांच्याबरोबर गेलेला नाही. त्याला पगार आहे, वरिष्ठ आहेत आणि दुसऱ्या गावी शाळा आहे. पुस्तक संपते तिथे मास्तरची बनगरवाडीतील नोकरी संपते. धनगरांची गोष्ट तिथे संपत नाही, ती पुस्तकाबाहेर चालू राहते.

म्हणून माझ्या लेखाचे नाव ‘शेवट कुणाचा?’ असे आहे. मागे राहणाऱ्याच्या दृष्टीने गाव रिकामे होणे हा शेवट असतो. निघणाऱ्याच्या दृष्टीने तो हंगाम असतो. वर्गात ज्यांनी कधी घराला कुलूप लावून पाच-सहा महिने बाहेर काढले नाहीत त्यांना तो शेवट करुण आणि सुंदर वाटला. आमच्यासारख्यांना राग आला, कारण ज्या माणसांत आम्ही आहोत ती माणसे शेवटच्या पानांत पाठमोरी दिसतात. दोन्ही भावना खऱ्या आहेत. आणि लेखकावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्याने मास्तरला न दिसणारे दाखविण्याचा आव आणला नाही. गाव सुखाने परतले असे एक प्रकरण जोडणे त्याला काय कठीण होते? पण मग ती गोष्ट मास्तरची राहिली नसती.

प्रथमपुरुषी निवेदनाचा हा नियम आणखी काही मराठी कादंबऱ्यांना लावून पाहता येतो. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येत होती. तिच्यात यमू आपली हकीकत आपणच सांगते. तिच्या हालांची गोष्ट दुःखात बुडते, म्हणजे त्या अर्थाने शेवट संदिग्ध नाही. पण नावातले प्रश्नचिन्ह पुस्तक मिटल्यावरही वाचकाकडे पाहत राहते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) तर आपणा विद्यार्थ्यांशी नातेच आहे. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, आणि शेवटी हाती काही न लागता गावी परततो. तो पुढे काय करील? शेती, नोकरी, की नुसते बसून राहील? ती गोष्ट सांगणाराच पंचवीस वर्षांचा आहे. पंचविशीच्या माणसाला आपले पुढे काय होणार हे ठाऊक नसते, मग त्याच्या पुस्तकाला ते कसे असावे? पहिल्या पिढीतून महाविद्यालयात आलेल्या मुलाला हा शेवट वाचून पोटात खड्डा पडल्यासारखे होते. पदवी घेऊन पाड्यावर परत यावे लागले तर, हा विचार आमच्यापैकी पुष्कळांच्या मनात असतो, आणि कोणी बोलून दाखवीत नाही.

मात्र प्रत्येक अर्धवट शेवट चांगला असतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. लेखकाला पुढे सुचले नाही म्हणून किंवा गूढ दिसावे म्हणूनही गोष्ट मध्येच सोडली जाते. खरा संदिग्ध शेवट आणि आळशी शेवट यांतला फरक ओळखण्यासाठी मला तीन प्रश्न उपयोगी पडले, ते इथे देते.

पहिला प्रश्न, जे सांगितले नाही ते निवेदकाला ठाऊक असणे शक्य होते का? शक्य असून त्याने लपविले असेल तर वाचकाला फसविल्यासारखे वाटते. मास्तरच्या बाबतीत ते शक्य नव्हते.

दुसरा प्रश्न, शेवटाची तयारी आधीपासून आहे का? ‘बनगरवाडी’च्या आरंभीही शाळेत मुले नसतात. शेवटीही नसतात. पण पहिले रिकामेपण आणि दुसरे रिकामेपण यांच्यामध्ये एक अख्खे गाव आपल्या ओळखीचे झालेले असते, म्हणून दुसरे सोसवत नाही. मेंढरांमागे हिंडणारी माणसे एका जागी फार काळ धरून ठेवता येत नाहीत, हेही पहिल्यापासून दिसत असते. तेव्हा तो शेवट आभाळातून पडलेला नाही.

तिसरा प्रश्न, वाचून झाल्यावर आपण कशाविषयी बोलतो? नुसते लेखकाविषयीच बोलत राहिलो तर शेवट फसला असे समजावे. माणसांविषयी बोलू लागलो तर तो साधला.

कोणी म्हणेल, आयुष्यात दुःखे थोडी आहेत का, म्हणून पुस्तकातही बेचैनी विकत घ्यावी? याचे उत्तर देण्यासाठी आपल्या भागाकडेच पाहावे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा माणसे थंडीत घराबाहेर झोपत होती. धक्का क्षणाचा असे, पण पुढचा येईल का आणि केवढा येईल, हे कोणी सांगू शकत नसल्यामुळे झोप उडे. त्याहून कठीण गोष्ट बोटीवर गेलेल्यांची. डहाणू-तलासरीतले तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात आणि घरी वर्षानुवर्षे नीट बातमी येत नाही. ज्या घरात असे माणूस आहे त्या घरात रोज संध्याकाळी एक संदिग्ध शेवट वाचला जातो. तिथे कोणी फलागम आणून देत नाही. अशा आयुष्यातून आलेल्या वाचकाला ‘सुफळ संपूर्ण’ गोष्टीचा विसावा हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच वाचकाला जेव्हा न संपलेली गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलेली आढळते, तेव्हा आपल्यासारखी अवस्था कोणीतरी जाणली आहे असे त्याला वाटते. माझा राग तिसऱ्या दिवशी निवळला तो यामुळे असावा.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुस्तकाने उघडा ठेवलेला प्रश्न पुस्तकाबाहेर कोणीतरी हाती घेतलेला असतो. ‘बनगरवाडी’ प्रसिद्ध होण्याच्या दहा वर्षे आधी, १९४५ साली, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. पुढे ते आपल्याच डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर तिथे शाळाच कुरणात नेण्यात आली. तिला नाव पडले कुरणशाळा. १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या कुटुंबाची कच्च्या विटांची खोपटी. मुले जातील तिथे शाळेने जावे, हा या दोन्हींमागचा विचार. राजाराम मास्तर मुलांच्या मागून गेला नाही, जाऊ शकला नाही. कोसबाडच्या बाई गेल्या. कादंबरी वाचून हे सगळे घडले असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की “मग पोरं कुठं गेली?” हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याला उत्तरही शोधता येते. शेवट संदिग्ध नसता तर आम्ही त्या प्रश्नापर्यंत आलोच नसतो.

परीक्षेत ‘कादंबरीच्या शेवटाचे औचित्य स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि आपण मार्गदर्शकातले ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तवदर्शी’ हे शब्द लिहून मोकळे होतो. माझी विद्यार्थी मित्र-मैत्रिणींना विनंती आहे की तो शेवट वाचून आपल्याला प्रथम काय वाटले ते एका ओळीत लिहून ठेवावे. राग आला तर राग लिहावा. मग तो कुणाच्या बाजूने आला हे शोधावे. शेवटाचे औचित्य तिथून लिहायला सुरुवात केली तर उत्तर कदाचित दोन गुणांनी कमी पडेल, पण ते आपले असेल. आणि प्राध्यापकांना विनंती अशी की, घरी जाऊन ही गोष्ट ज्यांना वाचता येत नाही त्यांना सांगा आणि त्यांचा प्रश्न लिहून आणा, असा स्वाध्याय एकदा द्यावा.

हा अंक हाती येईल तेव्हा आमच्या पाड्यावर निम्म्या घरांना कुलपे असतील आणि माझी बहीण भट्टीवर असेल. तिच्या प्रश्नाचे उत्तर माडगूळकरांच्या मास्तरला देता येण्यासारखे नव्हते. ती पोरे कुठे जातात, काय खातात, कोणत्या वर्गात अडकतात हे ज्यांना घरबसल्या ठाऊक आहे अशी मुले-मुली आता आपल्या महाविद्यालयात बसतात. त्यांच्यापैकी कोणी लिहू लागले तर गोष्ट मास्तरबरोबर न थांबता टेम्पोबरोबर पुढे जाईल.